तीनदा वाजवून थांबावं

धाकटीला आयुष्यात कुणी मत विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी विचारलं होतं म्हणतात, पण तेव्हा खोलीत सात माणसं होती आणि सगळ्यांनी तिच्या वतीने हो म्हणून टाकलं. त्यामुळे बेलवाल्याने काड्यापेटीएवढी एक डबी तिच्या हातावर ठेवून "वहिनी, पंधरा दिवस वापरा आणि मला अभिप्राय लिहून द्या," असं सांगितलं, तेव्हा तिने आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. अभिप्राय तिलाच मागितला होता.

धाकटी वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर सेविका होती. तिची मोठी जाऊ, थोरली, तीही त्याच मजल्यावर. सख्ख्या जावा, एका घरात राहणार, एका डब्यात जेवणार आणि चौदा खोल्या मिळून सांभाळणार, हे बघून तिथल्या म्हाताऱ्या मंडळींनी त्यांची खरी नावं कधीच सोडून दिली होती. थोरलीला इथे एकोणीस वर्षं झाली होती. धाकटीला तिनेच चिकटवलं होतं, मॅनेजरपुढे उभं राहून, "हिचं काही चुकलं तर मला बोला," असं सांगून. सहा वर्षांत तशी वेळ आली नव्हती, आणि धाकटी ते शब्द विसरली नव्हती.

मजल्यावर राज्य होतं बेलचं. प्रत्येक खाटेच्या उशाशी वायरीला एक बटण लोंबायचं. ते दाबलं की व्हरांड्यातल्या बोर्डावर खोलीच्या नंबरचा लाल दिवा लागायचा आणि बेल सुरू व्हायची. ती बंद करायचा मार्ग एकच: त्या खोलीत जायचं आणि खाटेजवळचं हिरवं बटण दाबायचं. तोवर ती बोंबलत राहायची. कुणाला पाणी हवं असायचं, कुणाला पडदा ओढून हवा असायचा, आणि कुणाला काहीच नको असायचं, आपल्याकडे अजून माणूस येतं की नाही एवढंच बघायचं असायचं. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना तो आवाज सहन होत नसे. तासाभराने घरी जाणाऱ्यांच्याच तक्रारी जास्त होत्या, हे आपलं जाता जाता सांगितलं.

या बेल दुरुस्त करायला महिन्यातून दोनदा यायचा तो बेलवाला. माणूस चाळिशीचा, एकटा, अंगाने वाळका, आणि जुन्या खेळण्यांचं वेड डोक्यात. त्याच्या लहानपणी म्हणे अशी एक डबी अख्ख्या वर्गात फिरायची. आत एक प्राणी, त्याला वेळच्या वेळी खाऊ घालायचं, नाहीतर तो मरायचा. तशीच डबी याने आता स्वतः बनवली होती, फक्त प्राण्याच्या जागी रोबो घातला होता. आश्रमातून काढून टाकलेल्या जुन्या बेलची सर्किटं फेकवत नव्हती, ती आत बसवली होती. बाजारात आणायच्या आधी चार माणसांनी वापरून चुका काढाव्यात, एवढीच त्याची इच्छा होती. थोरलीने हात जोडले. "चौदा जणांचं बघतेय, पंधरावा नको," म्हणाली. मग डबी धाकटीकडे आली.

डबीचा पडदा जुन्या कॅल्क्युलेटरसारखा, काळा-करडा. पहिल्या दिवशी त्यात नुसता एक स्क्रू होता. तिसऱ्या दिवशी स्क्रूला चौकोनी डोकं आणि दोन ठिपक्यांचे डोळे आले, आठव्या दिवशी चाकं आली. धाकटीने त्याचं नाव ठेवलं ठोकळ्या. खाली तीन बटणं होती: चार्ज, तेल आणि सोबत. ठोकळ्याला यातलं काही हवं झालं की डबी वाजायची. दुर्लक्ष केलं की त्याच्या चाकांपासून गंजाचे ठिपके चढायला लागायचे. ते डोळ्यांपर्यंत पोचले की खेळ खलास, पुन्हा स्क्रूपासून सुरुवात.

आता सर्किट बेलचं, तेव्हा आवाजही बेलचाच. पहिले चार दिवस दोघी जावांची जी धावपळ झाली ती विचारू नका. एप्रनच्या खिशात ठोकळ्या बोंबलायचा आणि थोरली नऊ नंबरात जाऊन विचारायची, "काय हवंय आजोबा?" नऊ नंबरवाले आजोबा झोपेतून उठून म्हणायचे, "आता आलीच आहेस तर पाणी दे." शेवटी थोरली वैतागली.

"अगं, त्या तुझ्या लोखंडी कार्ट्याला जरा गप्प राहायला शिकव. तीनदा ओरडलं, कुणी आलं नाही, की समजावं माणसाने, बाई कामात आहे. दम धरावा, मग पुन्हा ओरडावं."

धाकटीला ते पटलं. हा मुद्दा अभिप्रायात घालायचा असं तिने ठरवलं, आणि दुपारी सगळे आडवे झाल्यावर वही घेऊन सात नंबरात गेली. कारण लिहिण्याचं काम असलं की मजल्यावर जायची जागा तीच होती.

सात नंबरात टाइपबाई राहायच्या. छत्तीस वर्षं एका कचेरीत टंकलेखन केलेली बाई. बोटं अजून पांघरुणावर चालायची, बोलता बोलता समोरच्याचं वाक्य टाइप करून टाकायची. हृदय अशक्त, आवाज दारापर्यंतही पोचत नसे, त्यामुळे बेल दाबण्यात त्यांचा नंबर पहिला. चष्मा खाली पडला, बेल. खिडकीवर कबुतर बसलं, बेल. थोरली कुरकुरायची आणि जायची. बाईंकडे महिन्यातून एकदा एक भाची यायची, बाकी कुणी नाही.

धाकटीने वाचून दाखवलं. पहिला मुद्दा, ठोकळ्या झोपला की त्याचे डोळे मिटावेत, कारण उघड्या डोळ्यांमुळे झोपलाय की गेलाय ते कळत नाही. दुसरा, त्याला तेल फार लागतं, एवढं तेल कुणाला परवडत नाही. तिसरा, सोबतीचं बटण दाबलं की पडद्यावर बदाम येतो, त्यापेक्षा कुणीतरी नुसतं शेजारी येऊन बसलेलं दाखवावं. टाइपबाई मन लावून ऐकत होत्या. तिसऱ्याला त्यांनी मान डोलावली.

"आणि चौथा असा आहे," धाकटी म्हणाली, "की त्याला काही हवं असेल तर त्याने तीनदा वाजावं, आणि तरी कुणी आलं नाही तर माणूस कामात आहे असं समजून जरा वेळ गप्प बसावं, आणि मग थोड्या वेळाने पुन्हा वाजावं, असं मला वाटतं."

"केवढी ही रिबीन फुकट," टाइपबाई म्हणाल्या. "आण इकडे. चार शब्दांत होतं तिथे तीस शब्द घालायचे नाहीत."

त्यांनी स्वतः स्वच्छ प्रत काढायला घेतली. अक्षर छापल्यासारखं. पहिल्या कागदावर वर लिहिलं, 'खेळण्यातल्या रोबोविषयी अभिप्राय. देणार: धाकटी, दुसरा मजला.' त्याखाली तीन मुद्दे, ऐसपैस अंतर सोडून, कचेरीच्या शिस्तीने. कागद संपला. चौथा मुद्दा दुसऱ्या कागदावर गेला. एकच ओळ: 'तीनदा वाजवून थांबावं.'

धाकटीने ती ओळ दोनदा वाचली. "पण बाई, थांबावं म्हणजे कायमचं बंद, असं नाही ना वाटणार कुणाला?"

टाइपबाई हसल्या. हसताना त्यांना धाप लागायची, म्हणून हळूहळू हसल्या. "अगं, थांबणं म्हणजे वाट बघणं. बसस्टॉपवर आपण थांबतो तेव्हा काय बंद पडतो का?"

दोघी हसल्या. त्या दुपारी त्या खोलीत काही वाईट घडतंय असं कुणाला वाटण्यासारखं नव्हतं.

बेलवाला कागद वाचून खूश झाला. असा अभिप्राय त्याला कुणीच दिला नव्हता म्हणाला. बाकीच्यांनी 'छान आहे' लिहून वेळ मारून नेली होती. चौथ्या मुद्द्यावर त्याने बोट ठेवलं, "हे खरं कामाचं." डबी घेऊन गेला आणि चार दिवसांनी नवा प्रोग्रॅम घालून परत दिली. आता ठोकळ्या तीनदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. धाकटीला बरं वाटलं. आपण सांगितलं आणि जगात कुठेतरी एक गोष्ट बदलली, हे तिच्या बाबतीत नवीनच होतं.

मग एके दिवशी सकाळी तिने डबी काढून पाहिली तर ठोकळ्या गंजून गेला होता. चाकं, अंग, डोकं, सगळ्यावर ठिपके, आणि त्यातून दोन डोळे उघडेच. रात्री कधीतरी त्याने तीनदा हाक मारली असणार, आणि नंतर पुन्हा मारलीच नव्हती. बेलवाल्याने 'थांबावं'चा अर्थ बंद पडावं असा घेतला होता. सांगायला पाहिजे, असं धाकटीच्या मनात आलं. खेळणंच ते, येईल तेव्हा सांगू, असंही आलं.

तो आला त्याच आठवड्यात. आवाजाच्या तक्रारींना कंटाळून मॅनेजरने मजल्यावरचा जुना बोर्ड बदलायला सांगितला होता, आणि नवा बोर्ड घेऊन बेलवाला शिडीवर चढला होता. धाकटी धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन खालून चालली होती.

"वहिनी, तुमचं ऐकलं बरं का," तो वरून म्हणाला.

तिला वाटलं, डबीबद्दल म्हणतोय. "दादा, ते थांबायचं जरा चुकलंय तुमचं," ती म्हणाली.

"नंतर सांगा, आधी हे लावून घेतो," असं म्हणून त्याने ड्रिल सुरू केलं. चादरी जड होत्या. ती पुढे गेली.

संध्याकाळी सूचनाफलकावर चिठ्ठी लागली: 'नवीन बेल तीनदा वाजून थांबेल. कर्मचाऱ्यांनी नोंद घ्यावी.' थोरलीने ती मोठ्याने वाचली. "बरं झालं बाई. जरा दम तरी खाईल," म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली. धाकटीनेही वाचली. शब्द ओळखीचा वाटला, पण चिठ्ठी सरळ होती, आणि खऱ्या माणसांच्या बेलमध्ये कुणी खेळण्याचा प्रोग्रॅम घालेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. पहिले चार दिवस काही कळलंही नाही. तिसऱ्यांदा वाजायच्या आत दोघींपैकी एक पोचायचीच.

पाचव्या दिवशी दुपारी धाकटी तळमजल्यावर कपडे मोजून घेत होती. वर थोरली बारा नंबरात होती. तिथल्या आजोबांचं अर्धं अंग लुळं पडलेलं, वजन भारी, पाठीला जखमा. त्यांना एका कुशीवर धरून ती जखमा धूत असताना बेल वाजली. बोर्ड न बघताच तिला कळलं, यावेळी सातच असणार. हात सोडला असता तर आजोबा खाटेवरून खाली आले असते. दुसरी वाजली. तिसरी वाजली. मग थांबली. थोरलीला वाटलं, बाईंनी दम धरलाय. पुन्हा वाजली की जाऊ. तिने जखमा नीट धुतल्या, औषध लावलं, चादर बदलली, आजोबांना सरळ केलं. बेल काही पुन्हा वाजली नाही. मग तिने मनाशी म्हटलं, कबुतर उडालं असेल.

पाऊण तासाने धाकटी चहाचा ट्रे घेऊन सात नंबरात गेली. टाइपबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. डोळे उघडे. धाकटीला आधी वाटलं, त्या तिच्याकडेच बघतायत. बटण त्यांच्या मुठीत होतं आणि अंगठा अजून बटणावर दाबलेला होता. तो सोडवायला तिला दोन्ही हात लावावे लागले.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. वीसेक मिनिटांत कुणी पोचलं असतं तर वाचल्या असत्या कदाचित. हे त्यांनी मॅनेजरला सांगितलं, पण व्हरांड्यात सांगितलं, आणि व्हरांड्यात थोरली उभी होती.

मॅनेजरने बोर्डातली नोंद काढली. नवा बोर्ड सगळं लिहून ठेवायचा. सात नंबर, दोन वाजून दहा मिनिटांनी बेल सुरू. दोन पंचावन्नला हिरवं बटण, म्हणजे धाकटीने सवयीने दाबलेलं. मधल्या वेळात बटण दाबल्याची संख्या: सव्वीस.

"सव्वीस वेळा," मॅनेजर म्हणाला. "आणि तुम्ही म्हणता तीनदा वाजली."

"तीनदाच वाजली साहेब."

"मग तुम्ही काय केलंत?"

"थांबले," थोरली म्हणाली.

त्याने ते तसंच लिहून घेतलं. 'बेल ऐकली. थांबले.' कागदावर ते किती वाईट दिसतं हे थोरलीला कळलं नाही. तिने सही केली. आठवडाभराने संस्थेची मंडळी बसतील, तोवर कामावर या, नंतर काय ते बघू, असं मॅनेजर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे फक्त एक आकडा आणि एक सही होती. आणि अशा कारणाने काढलेल्या बाईला दुसऱ्या कुठल्या आश्रमात कुणी उभं करत नाही, हे दोघी जावांना सांगायची गरज नव्हती.

घरी थोरली जेवेना. ताटापुढे बसायची आणि म्हणायची, "मी ऐकलं होतं गं. एकदा नाही, तीनदा ऐकलं. सव्वीस वेळा वाजली म्हणतात. माझे कान गेले का? का मला ऐकूनही ऐकायचं नव्हतं? कबुतर म्हटलं मी मनात. माणूस मरत होतं आणि मी कबुतर म्हटलं."

धाकटी आपलं ताट उचलून आत जायची. कारण पहिल्याच रात्री, अंथरुणावर पडल्या पडल्या, तिला गंजलेला ठोकळ्या आठवला होता आणि सगळं एका दमात कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने बेलवाल्याला त्याच्या दुकानात गाठलं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. टेबलावर दहा-बारा डब्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत एकेक स्क्रू. तिला बघताच तो उभा राहिला, आणि त्याच्या तोंडावरूनच तिला समजलं की यालाही समजलंय.

"तोच प्रोग्रॅम घातलात ना?"

"सर्किट तेच आहे वहिनी. म्हटलं, माणसांनीच सुचवलेलं आहे, तेच घालू." त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तीनदा वाजून आवाज बंद, दिवाही बंद. पुढे कितीदा दाबलं तरी आधीची बेल चालूच आहे असं बोर्ड धरतो. नुसतं मोजतो. वाजवत नाही."

म्हणजे सव्वीस वेळा बाईंनी दाबलं, आणि बोर्ड तेवढं इमानाने मोजत बसला.

"हे मॅनेजरला सांगा. माझ्या जावेची नोकरी जातेय. ती ताटावर बसून रडतेय."

"सांगतो. पण काय सांगू? माझ्या मनाने केलं म्हणून सांगितलं तर मी संपलो. सहा आश्रमांच्या बेल माझ्याकडे आहेत. बोर्ड ठीक आहे, वाजत होता, एवढंच म्हटलं तर माझं काही जात नाही." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. मग त्याने ड्रॉवरमधून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "अक्षर कुणाचं आहे हे?"

"बाईंचं."

"हा दुसरा कागद बघा. यावर डबीचं नाव नाही, रोबोचं नाही, तुमचं नाही. नुसती एक ओळ. बाईंनीच मला दिला असं मी सांगेन. बेलचा त्रास होतो, तीनदा वाजवून थांबावं, अशी त्यांचीच सूचना होती. मग बोर्ड तीनदाच वाजला हेही मी लेखी देतो. तुमच्या जाऊबाई सुटल्या. मी सुटलो. तुम्हीही सुटलात वहिनी, मूळ मुद्दा तुमचा होता. आणि त्या तर गेल्याच."

"त्यांना तसं म्हणायचं नव्हतं."

"हे कुणाला माहीत आहे?"

बसस्टॉपचं बोलणं झालं तेव्हा खोलीत दोघी होत्या, आणि त्यातली एक आता नव्हती. बेलवाल्याने पहिला कागद, तिच्या नावाचा, घडी करून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला. इथेच सगळं ठरलं, पुढचं नुसतं व्हायचं बाकी होतं.

तसंच झालं. संस्थेची मंडळी बसली. बेलवाल्याने कागद दाखवला, लेखी दिलं, बोर्ड पुन्हा पूर्वीसारखा सतत वाजणारा करून दिला. मॅनेजरने धाकटीला बोलावून एवढंच विचारलं, "अक्षर ओळखता का?"

"बाईंचं आहे," ती म्हणाली. खोटं एक अक्षरही नव्हतं.

थोरलीवरचा ठपका गेला. त्या दिवशी घरी तिने दोन वेळचं एकदम जेवल्यासारखं जेवण केलं. हात धुताना म्हणाली, "बाईंनीच सांगितलेलं म्हणे, तीनदा वाजवून बंद करा. मग माझा काय दोष? मला आधी कुणी सांगायला नको?" तिचा आवाज दहा दिवसांनी पहिल्यासारखा झाला होता. धाकटीने तिच्या हातात टॉवेल दिला.

बाईंची भाची सामान न्यायला आली ती दुपारच्या वेळीच. सामान थोडंच होतं. दोन पिशव्या, चष्मा, एक जुनी टंकलेखनाची वही. धाकटी कपाट रिकामं करत होती आणि थोरली खाटेची चादर काढत होती. भाचीच्या हातात तो कागद होता, मॅनेजरने तिला ठेवायला दिलेला.

"आत्या अशीच होती," भाची म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा शांत होता. "मला आधी फार वाईट वाटलं होतं. वाटलं, शेवटी किती हाका मारल्या असतील तिने. मग हा कागद वाचला आणि समजलं. तिला कुणाला त्रास द्यायचाच नव्हता. स्वतःच ठरवून ठेवलं होतं तिने, तीनदा आणि पुरे. आता मला झोप लागते."

सव्वीसचा आकडा तिला कुणी सांगितला नव्हता.

धाकटीच्या एप्रनच्या एका खिशात डबी होती आणि दुसऱ्यात पहिला कागद. तो घरी ठेवला तर थोरलीच्या हाती लागेल आणि फाडायचा तर हात धजत नाही, म्हणून ती तो रोज घेऊन फिरायची. त्यावर तिचं नाव होतं, बाईंच्या अक्षरात. भाचीने वही पिशवीत घातली आणि तिच्याकडे वळली.

"तुम्ही तिच्याजवळ बसायचात, ती सांगायची. आणखी काही लिहून ठेवलंय का हो तिने? काहीही चालेल. तिच्या हातचं एवढंच आहे माझ्याकडे."

चादर हातात धरून थोरली थांबली. ती सहजच थांबली होती, उत्तर ऐकायला. धाकटीने जावेकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे.

"नाही," ती म्हणाली. "एवढंच."

तेवढ्यात बाहेर बेल सुरू झाली. नऊ नंबर. थोरली चादर तशीच टाकून पळाली. बेल मात्र हिरवं बटण दाबेपर्यंत वाजत राहिली, आणि भाचीने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "ही अशी सारखी वाजते का हो? आत्याला किती त्रास होत असेल."